पाठ आधी घ्यायची

मावशीने एक्केचाळीस वर्षं कोट बेतले आणि नाव झालं काकांचं. गावाला हे माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून मी चिडलेली आहे.

काका पुढच्या खोलीत टेप गळ्यात टाकून मापं घ्यायचे आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे. कातर त्यांनी हातात धरली ती फोटोपुरती. मागच्या खोलीत खिडकीशी उभी राहून मावशी बेतायची. तिच्या उजव्या अंगठ्यावर वाटाण्याएवढा घट्टा आहे. आणि लोक काय म्हणायचे? "काकांच्या हाताला काय सफाई आहे!" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

काका गेल्यावर मावशीने आठवणी लिहायला घेतल्या. बेतायच्या खाकी कागदाचे तुकडे, एका तुकड्यावर एकच आठवण, आणि कडेला कातरीने पाडलेल्या खाचा. कापडाचे दोन भाग जिथे जुळवायचे तिथे शिंपी अशाच खाचा पाडतात. एकशे बारा तुकडे झाले.

"क्रमबिम लिहीत बसले नाही," ती मला म्हणाली. "खाचेला खाच लाव, पुस्तक होतं."

टाइप मी करणार होते. पण तिचा मुलगा, आमचा दादा, मोठ्या कचेरीतला साहेब. "आत्मचरित्राला शिस्त लागते," म्हणत तुकड्यांची पिशवी घेऊन गेला. मीही मुकाट्याने दिली. तिथे माझं चुकलं.

तिच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी दादा छापील नमुना घेऊन आला. जन्म, शिक्षण, विवाह, संसार, निवृत्ती. सगळं सालवार. नाव 'त्यांची साथ'. मुखपृष्ठावर कातर धरलेले काका! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मावशीने पानं चाळली. "माझे तुकडे कुठे आहेत?"

"हे काय, पिशवीत. स्कॅनरमध्ये बसेनात, म्हणून फाटक्या कडा सरळ कापून घेतल्या."

"फाटक्या?" मावशीचा आवाज चढला. "शिंप्याच्या घरात वाढलास आणि तुला खाच कळत नाही?"

"अगं आई, वर्षांच्या क्रमाने लावलं की वाचणाऱ्याला नीट कळतं."

"काय कळतं? लग्न झालं आणि पुढचं सगळं त्यांनी केलं, एवढंच कळतं! कोट शिवताना आधी कॉलर घेतात का? दिसतं ते नंतर. पाठ आधी घ्यायची. मग तिला बाकीचं जोडत जायचं."

"म्हणजे बाबांना वगळायचं?"

"वगळलं कुठे? बाह्या त्यांच्याच आहेत. दोन्ही."

मला हसू फुटलं. दादाला नाही.

मावशीने बेतायच्या टेबलावर पिशवी उपडी केली. खाचा गेलेले ते गुळगुळीत तुकडे बघून मला रडू येईल असं वाटलं. एकशे बारा तुकडे, आणि कुठला कुठे जोडायचा याची एकही खूण नाही. ती मात्र खडू घेऊन उभी राहिली आणि एकेक तुकडा उचलून जागेवर ठेवू लागली. एकदाही अडली नाही.

"बेत डोक्यात असतो रे," ती म्हणाली. "कागद दुसऱ्यांसाठी."

मग तिने मधला तुकडा दादाच्या हातात दिला. "ही पाठ. मोठ्याने वाच."

दादा वाचू लागला. "आज व्यापारी संघाने ह्यांचा सत्कार केला. उत्कृष्ट हात म्हणून. हे मी बेतलेला कोट घालून गेले होते. घरी आल्यावर म्हणाले, अभिनंदन करताना सगळ्यांनी दाबून दाबून हात दुखवला बघ. मी त्यांचा हात शेकून दिला. मग उद्याचे तीन कोट बेतायला उभी राहिले. हात मलाही..."

दादा थांबला. त्याने मान वर करून तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याच हाताने बेतलेला कोट त्याच्या अंगावर होता.

"थांबलास का?" मावशी म्हणाली. "वाच. अजून एकशे अकरा आहेत."