दोघी जावांची तपासणी

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या मंगळवारी आम्ही पांढरकवड्याहून पुण्याची गाडी धरली. पोचवायला थोरले दीर आणि जाऊबाई आल्या होत्या. सात एकरांत दोन संसार भागत नव्हते. कोणीतरी जायचं होतं, आम्ही गेलो. जाऊबाई म्हणाल्या, "जाय व शोभे, मांगं पाहू नको. इकडचं पाहाले मी आहो."

पुण्यात मला पॅकिंगचं काम मिळालं. एकदा कंपनीने आम्हा बायांची तपासणी ठेवली. मी नर्सला म्हटलं, "माझं ऑपरेशन झालंय, मला गरज नाही." जाऊबाई आणि मी, दोघींनी एकाच शिबिरात नसबंदी करून घेतली होती. आता त्या जागेचा रोग आपल्याला होत नाही, अशी तेव्हापासून दोघींची समजूत. नर्स हसली. "ताई, नळ्या बांधल्यात. गर्भाशयाचं तोंड तिथंच आहे." मग मी तपासून घेतलं. तिथे औषध लावल्यावर पांढरा डाग दिसला. कॅन्सर नव्हता, पुढे होऊ शकला असता. डॉक्टरांनी तो जाळला. पाव तासही लागला नाही.

त्याच आठवड्यात मी जाऊबाईंना फोन केला. दुखत नसलं तरी दाखवून या म्हटलं.

"कायले? आपलं तं ऑपरेशन झालं नं."

मी सगळं समजावलं. त्या हसल्या. "वा व पुन्याची डॉक्टरीन! वेचणी सुरू हाये, बाया भेटून नाही राह्यल्या. तू असती तं गेली असती एखांद्या दिवशी."

टोमणा नव्हता तो. खरंच तसं होतं. मी म्हटलं, "बरं, वेचणी झाल्यावर." मग तूर आली, मग पेरणी. दर वेळी "बरं" म्हणणं मला सोपं जायचं, कारण माझी तपासणी झालेली होती.

पुढच्या वेचणीत त्या बोलता बोलता म्हणाल्या, "अंगावरून जाते मधातच, पाळी नसतानी. वयाचं असन." मी रजा टाकून गावी गेले आणि त्यांना पांढरकवड्याला नेलं. तिथून यवतमाळ, तिथून नागपूर. कॅन्सर निघाला. पसरला नव्हता, पण पिशवी काढावी लागली.

वॉर्डात मी त्यांची वेणी घालत होते. त्या म्हणाल्या, "तुही राह्यली अन् माही गेली." माझा हात थांबला तशा वळून म्हणाल्या, "तोंड कायले पाडतं व? जीव तं राह्यला नं!"

घर कुठे, असं कोणी विचारलं तर मी पुणे सांगते. रेशनकार्ड तिथलं, मुलाचं कॉलेज तिथलं. गाव सोडलेल्या बायांनो, तुम्हीही तसंच सांगत असाल. पण मला जे मिळालं ते मी शहाणी म्हणून नाही, कामाच्या जागी नर्स आली म्हणून. जाऊबाईंना फक्त एक मोकळा दिवस हवा होता, आणि तो देऊ शकणारे हात घेऊन मी निघून आले होते.

आता त्या ठरल्या तारखांना नागपूरला दाखवायला जातात. मी पुण्याहून परस्पर तिथे पोचते. मला विचाराल तर घर म्हणजे आता तिथल्या दवाखान्यातला बाक. त्या फडक्यातली भाकर सोडतात, अर्धी मला देतात. नाव पुकारलं की त्या आत जातात. मी दाराकडे बघत बसते.