यमुआत्याचे सात माड

आमच्या आळीतल्या चार जुन्या बायका कुठे एकत्र बसल्या की यमुआत्या निघतेच. एकीने एक सांगितलं की दुसरीला दोन आठवतात. तिसरी म्हणते, "तसं नव्हतं गं, मी तिथेच होते!" पोट धरधरून हसतो आम्ही. मग मध्येच कोणी तरी चहाचं आधण ठेवायला उठते. मला शाळा नाही, पण ध्यानात सगळं आहे. नको ते जरा जास्तच.

*

यमुआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची चुलतबहीण. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, मूलबाळ नाही, ती माहेरी परत आली. बापाने मरताना विहिरीमागची पट्टी तिच्या नावावर केली. पट्टीत सात माड.

मी लग्न होऊन आले तेव्हा लढाई संपली होती, रेशन सुटलं नव्हतं. आत्या साठीला टेकली होती. वाडीतलं काम झेपेनासं झालं, तेव्हा तिने भावकीतली सातही घरं विहिरीवर बोलावली.

"म्हातारपणी मला कोणाच्या दारात ताटकळायचं नाही," ती म्हणाली. "आठवड्याचे वार सात, माझे माड सात, तुमची घरं सात. एकेका घराने एकेक माड घ्या. नारळ तुमचे, झावळ्या तुमच्या. त्या वारचं माझं दोन वेळचं जेवण तुमच्याकडे. माझ्यामागे माडही तुमचाच."

माझे सासरे म्हणाले, "यमे, काय डोकं आहे गं तुझं!"

"डोकं आहे म्हणूनच सांगते, पहिल्या दिवशी गोड करा!"

आज लोक पेन्शन बघतात, पॉलिसी काढतात. आमच्या आत्याची पॉलिसी वाऱ्यावर डुलायची!

*

मंगळवारचा माड नर्मदाकाकूचा. नेमका तोच धरायचा नाही. मग मंगळवारची आमटीही तशीच.

एकदा आत्या वाटीत वाकून बघत बसली. काकू म्हणाली, "काय झालं? केस पडला का?"

"नाही गं. तोंड दिसतंय माझं. किती म्हातारी झालेय मी, नर्मदे!"

काकू काय ऐकून घेणारी? "तुमचा माड नारळ देईना, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवसापासून आत्या कुटाऱ्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन निघाली. कुटारा म्हणजे मासळीच्या खताचा चुरा. वास असा की आळी नाकाला पदर लावायची. कमरेत वाकलेली बाई, रोज एक टोपली माडाच्या मुळाशी. दोन वर्षांत माड असा धरला की चढणारा वरून ओरडायचा, "बाजूला व्हा, बाजूला!"

आमटीला कसलं खत घालायचं, ते मात्र तिला सापडलं नाही.

*

गुरुवारचा माड आमचा. आता ही माझी गोष्ट आहे, म्हणून मी ती लवकर उरकते.

एका वादळात आमचा माड मुळासकट आडवा झाला. सासूबाई म्हणाल्या, "माड गेला, वार गेला. आपण काही तो पाडला नाही!" मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

पुढच्या गुरुवारी आत्या जेवायला आली नाही. आळीत सांगितलं, "दत्ताचा गुरुवार धरलाय मी."

बायका म्हणाल्या, "या वयात उपास कसला?"

"मग कधी धरायचा? तरुणपणी भूक लागते!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. एका गुरुवारी पदराखाली दोन सुकेळी लपवून तिच्या खोपटात गेले. सुकेळी म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली राजेळी केळी. म्हटलं, "उपासाला केळं चालतं ना, आत्या?"

तिने एक खाल्लं, सावकाश. मग विचारलं, "सासूला विचारलंस?"

"हो."

"खोटं बोलायला शिकलीस. चांगलं आहे. आता खरं बोलायलाही शीक, घरात."

ते काही मला जमलं नाही.

*

मग ती विहिरीच्या पायरीवर घसरली. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्याने पाला बांधला. स्टेशनाजवळचा डॉक्टर येऊन म्हणाला, "मुंबईला न्या." कोणी न्यायचं, ते त्याने सांगितलं नाही. आम्ही कोणी विचारलंही नाही.

आत्या खाटेला खिळली. सात घरांची बैठक बसली ती तिच्याच खोपटाच्या अंगणात. आतून तिला शब्दन्शब्द ऐकू जात होता.

बुधवारवाला पांडूभाऊ म्हणाला, "जेवणाचं ठरलं होतं. उठवायचं, बसवायचं, धुवायचं, हे कुठे ठरलं होतं?"

नर्मदाकाकू म्हणाली, "एक माड आणि एवढं सगळं?"

आतून आवाज आला, "चुकलं रे माझंच! मी पोटाचा विचार केला, पाठीचा करायचा राहिला."

कोणी वर बघेना. शेवटी लाजेकाजेस्तव सासऱ्यांनी गुरुवार परत घेतला आणि असं ठरलं, की ज्याचा वार त्याच्या घरी खाट. रोज सकाळी उचलायची आणि पुढच्या घरी पोचवायची. म्हणजे सगळ्यांना सारखं!

सारखं झालं खरं. तिच्या हाडाला रोज सकाळी हिसके बसायचे, तेही सातही घरांचे सारखेच.

*

खाटेला दोन्ही बाजूंनी बांबू बांधायला सांडोरच्या रस्त्यावरचा बस्त्याव सुतार आला. ख्रिस्ती माणूस, आमच्या भावकीशी देणंघेणं नाही. त्याने दिवस घालवून बांबू तासले, दोरी आवळली, खाटेवर स्वतः झोपून बघितलं.

आत्या म्हणाली, "बस्त्याव, तुला द्यायला एकही माड उरला नाही रे."

"माड माझेही आहेत, आत्या. तुमचा आठवा वार असता तर मी घेतला असता."

तो गेल्यावर आत्या बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुखत असेल, असं आम्ही आपापसात म्हणालो.

*

हिवाळ्यात तिला ताप यायला लागला. आता आळीत नवा प्रश्न: हिचं पुढचं कोणी करायचं? लाकडं, दहावा, तेरावा, गावजेवण? पांडूभाऊनेच तोडगा काढला, "ज्याच्या वारी जाईल त्याने करायचं."

तेव्हापासून काय सांगू! पूर्वी खाट उन्हं वर आल्यावर निघायची. आता ताप जरा चढला की उजाडायच्या आत दारात! एकदा पांडूभाऊ पहाटेचा खाट घेऊन हजर. सासूबाई दार अर्धंच उघडून म्हणाल्या, "अजून बुधवार संपला नाही. कोंबडा कुठे आरवलाय?"

कोंबडा आरवेपर्यंत खाट अंगणात. दंवात. मी आतून घोंगडी नेऊन घातली. तेवढंच केलं. सासूबाईंना हाताने बाजूला सारून दार पूर्ण उघडलं असतं तर काय झालं असतं? चार दिवस बोलल्या असत्या. एवढंच ना?

*

आणि मग तो शेवटचा गुरुवार. त्या दिवशी पांडूभाऊकडून निघायलाच उशीर झाला, उन्हं चांगली वर आली होती. खाटेच्या बांबूंना चौघांचे खांदे. ऊन लागतं म्हणून आत्याने धोतराचं फडकं तोंडावर ओढून घेतलेलं. तिची कंबर शेकायला विस्तवाचं मडकं लागायचं, ते हातात धरून माझे मालक सगळ्यांच्या पुढे. मागे मी आणि आणखी दोघी, खाली बघत.

रस्त्याच्या वळणावर खांदे बदलायला खाट खाली टेकवली. समोरून चांदीपचा एक म्हातारा पेंढ्याची गाडी घेऊन येत होता. त्याने बैल थांबवले, गाडी पार कडेला घेतली. खाली उतरला, डोक्याची टोपी काढून काखेत धरली, हात जोडले आणि हळूच म्हणाला, "कोन गेलं, बाबा?"

पांडूभाऊ बांबूची गाठ तपासायला लागला.

खाटेवरचं फडकं हललं. आत्याने ते एका हाताने खाली केलं. म्हाताऱ्याकडे बघितलं, मग आमच्या एकेकाच्या तोंडाकडे.

"कोणी नाही गेलं रे, दादा. पण तू परका आहेस, तूच विचार यांना. कोणत्या वारी गेले तर सगळ्यांना सोयीचं पडेल?"