झिंगे धरायला दोन हात लागतात

झिंगा भ्याला की मागच्या मागे पळतो. ही गोष्ट मला लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर कळली. तीसुद्धा ओढ्यात गुडघाभर पाण्यात, साडी खोचून, थंडीनं दात वाजत असताना.

माझं माहेर संत तुकाराम नगरमधलं. वडील एका कंपनीच्या ऑफिसात कारकून. घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. सासर कुरुळीचं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. जमीन बरीचशी कंपन्यांच्या शेडखाली गेलेली, उरलेल्या तुकड्यावर कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. लग्न ठरताना वडिलांनी एवढंच विचारलं होतं की घरात वशाट चालतं का. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोराला मासं लागत्यात, पण तुमच्या लेकीला हात लावाय न्हाई लागायचा." तो शब्द त्यांनी पाळला. मागच्या अंगणात तीन दगडांची वेगळी चूल होती, वेगळी कढई होती. हे स्वतःच मासे साफ करायचे, सासूबाई शिजवायच्या. मी तिकडे बघायचंसुद्धा टाळायची.

ह्यांना सुट्टी गुरुवारी. माझा उपास गुरुवारी. मी साबुदाणा भिजवत असायची आणि हे गळाच्या काठ्या खांद्यावर टाकून, रंगाचा रिकामा डबा हातात घेऊन बाहेर पडायचे. आधी गावामागच्या ओढ्यात झिंगे धरायचे, मग ते जिवंत झिंगे गळाला लावायला नदीवर. "शिदोडाला चिलापी बी येती," ते म्हणायचे, "पण मरळ आन्‌ वाम पायजे आसल तर झिंगाच." शिदोड म्हणजे गांडूळ, बाकीची माशांची नावं. मला ह्यातलं काही ऐकायला आवडत नसे, पण सतरा वर्षं ऐकलं की कानात राहतंच. आठवडाभर मशीनसमोर उभा राहिलेला माणूस त्या दिवशी संध्याकाळी घरी आला की त्याचा चेहरा वेगळा दिसायचा, हे मात्र मला दिसत होतं.

श्रावणातल्या एका दुपारी फोन आला. हे फर्स्ट शिफ्टला होते. कंपनीतला कोणी एक जण बोलत होता, "वहिनी, घाबरू नका, हाताला थोडं लागलंय." थोडं म्हणजे उजव्या हाताची चारही बोटं. अंगठा तेवढा राहिला. पत्रा आत सरकवताना प्रेस मशीन दुसऱ्यांदा खाली आलं. बरोबरचे सांगत होते की सेन्सर आठवडाभर बंदच होता. साहेब लोक सांगत होते की ह्यांनीच घाई केली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ह्यांनी मला पहिलं काय विचारलं असेल, तर, "पीस रिजेक्ट झाला का गं?"

मी म्हटलं, "नाही. चांगला निघाला." मला काय ठाऊक कसा निघाला ते. पण त्यांना बरं वाटलं असावं, डोळे मिटून घेतले त्यांनी.

जखम भरायला तीन महिने गेले. मधल्या काळात कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. हे घरात बसून राहायला लागले. उजव्या हातावर कायम टॉवेल. कोणी भेटायला आलं की आधी टॉवेल सारखा करणार, मग बोलणार. जेवताना डावा हात. सासूबाईंना ते बघवत नसे. ताट वाढायच्या आणि आत निघून जायच्या, मग आतून भांड्यांचा आवाज यायचा, नसलेली भांडी घासल्यासारखा. मुलगी तेव्हा अकरावीला होती. तीही बाबांसमोर हळू आवाजात बोलायला लागली होती. आमच्या घरात कोणी मेलेलं नव्हतं, पण घर तसंच झालं होतं.

दिवाळी झाली. ओढ्याचं पाणी निवळलं. एका सकाळी उठून बघते तर हे घरात नाहीत आणि रंगाचा डबा जाग्यावर नाही. दोन-तीन तासांनी आले ते छातीपर्यंत भिजलेले. एक गुडघा सोललेला. डबा रिकामा. मी टॉवेल दिला. त्यांनी तो आधी हातावर टाकला, मग आठवण झाल्यासारखं डोकं पुसलं.

"पडलात का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"झिंगं न्हाईत यंदा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. माणूस पाण्यात पडला तर, अशी भीती होती, आणि दुसरीही एक भीती होती जी मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

काठावरच्या करंजाआड उभी राहून मी बघत होते. हे पाण्यात वाकून एका दगडाखाली डावा हात घालत होते. घातला की पलीकडून पाणी ढवळायचं आणि काहीतरी सुळकन निघून जायचं. झिंगे होते. भरपूर होते. ते पुन्हा दुसरा दगड धरायचे, उजव्या हाताचा तो उरलेला पंजा पलीकडून लावायचे, आणि अंगठ्याशेजारच्या मोकळ्या जागेतून झिंगा निसटायचा. पाच-सहा वेळा झालं. मग ते पाण्यातच उभे राहिले, दोन्ही हात खाली सोडून.

मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. त्यांनी मान वळवून बघितलं. रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत.

"कुठं हात लावू?" मी विचारलं.

ते म्हणाले, "ह्या दगडाच्या मागनं. तळव्याची ओंजळ कर. मी फुडनं हात घालतो. त्यो मला भिऊन मागं येतो, शेपटीकडनं. आला की मूठ मिटायची. घाबरायचं न्हाई."

मी ओंजळ केली. दगडाखालचं पाणी वरच्यापेक्षा गार होतं. पलीकडून त्यांचा हात आला असावा, कारण एकदम काहीतरी खरखरीत, जिवंत, माझ्या तळव्यावर येऊन आदळलं. मी किंचाळून हात मागे घेतला. झिंगा गेला. हे हसले. श्रावणानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

चौथ्या वेळी मी मूठ मिटली. लांब नांग्यांचा, काचेसारखा, करंगळीएवढा झिंगा. मुठीत तो धडका मारत होता. डब्यात ओल्या गवतावर टाकला तेव्हा मनात वडिलांचा चेहरा आला. वडील जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

गळाला लावणं त्याहून अवघड. नदीकाठी बसून ह्यांनी मला शिकवलं. "शेपटीच्या दुसऱ्या पेरातनं गळ वर काढ. मधली काळी शीर हाय ना, ती चुकव. तिला लागलं की मेला. मेलेल्या झिंग्याकडं मरळ ढुंकून बघत न्हाई." पहिले दोन माझ्या हातून मेले. तिसरा गळावर जिवंत राहिला, पाय हलवत. मी बाजूला जाऊन चूळ भरली. त्यांनी डाव्या हातानं काठी फिरवून तंगूस, म्हणजे गळाची दोरी, लांब फेकली आणि पाण्यावर तरंगणाऱ्या मोरपिसाच्या काडीवर नजर लावून बसले. त्या दिवशी एक वाम मिळाली. हातभर लांब. सासूबाईंनी मागच्या चुलीवर शिजवली, हे जेवले, आणि मी नेहमीप्रमाणे तिकडे पाठ करून वरण-भात खाल्ला. हात मात्र तीन वेळा साबणानं धुतले होते, तरी वास येत होता.

पुढचे तीन-साडेतीन महिने आमचा हा उद्योग चालला. खरं सांगायचं तर लग्नानंतर आम्ही इतका वेळ एकत्र कधी काढला नव्हता. पण ते दिवस सुखाचे होते असं मला म्हणवत नाही. गळ लावायला मला उशीर झाला की ते चिडायचे. "आगं धर की नीट! दोन हात हायत ना तुला?" असं एकदा बोलून गेले आणि मग दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. मी माळ काढली नव्हती. झिंगा धरताना ती पदराखाली सरकवायची. देवासमोर दिवा लावताना मनात म्हणायची, हे पाप माझ्या नावावर धरू नकोस. मग वाटायचं, मग कोणाच्या नावावर धरणार तो? ह्यांच्या? त्यांचं अजून काय घ्यायचं राहिलंय?

एका गुरुवारी पुलाखाली ह्यांचा जुना मित्र भेटला. तोही गळ टाकून बसलेला. मी झिंगा लावत होते ते बघून तो मोठ्यानं म्हणाला, "काय राव, आता वहिनींनाच हाताखाली घेतलं का?" त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला आजही वाटतं. शेजारचे दोघं-तिघं हसले. हेसुद्धा हसले. घरी आल्यावर काठ्या आढ्याला बांधत म्हणाले, "उद्यापासनं तू यायचं न्हाई."

आठ दिवस मी गेले नाही. तेही गेले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन अंगणात येऊन उभे राहिले. जाईनात. मी हातातली भाजी ठेवली आणि चपला घातल्या.

होळीच्या आधीची गोष्ट. त्या सकाळी ओढ्याजवळ पोचतानाच वास आला. औषधाच्या दुकानात येतो तसा, पण आंबट. पाणी दिसायला स्वच्छ होतं. आणि काठावरच्या दगडांवर, उन्हात, झिंगे बसलेले. एक-दोन नाहीत, जिकडेतिकडे. आजवर ज्यांना दगडाखालून हुसकावून काढावं लागे ते आपणहून पाण्याबाहेर आले होते, मिशा हलवत.

हे धावलेच. डाव्या हातानं पहिला उचलला, डब्यात टाकला. दुसरा उचलला. तिसरा. एकही पळाला नाही. "आगं बघ!" ते ओरडले. "बघ, एका हातानं! तू थांब तिथंच, तू येऊ नको!" त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. मीही हसले. देवाशपथ सांगते, मला आनंदच झाला. डबा अर्धा भरेपर्यंत आम्हा दोघांनाही काही कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं.

मग वरच्या बाजूनं एक खेकडा हळूहळू चढत आला आणि माझ्या पायाजवळ थांबला. त्याच्यामागे पाण्यावर बारके मासे तोंड वर काढून होते, नुसती तोंडं उघडत आणि मिटत. ह्यांनी ते बघितलं. हातातला झिंगा तसाच धरून उभे राहिले.

"वरनं कुणीतरी काहीतरी सोडलंय," ते म्हणाले. वर तेव्हा चार-पाच नव्या शेड झाल्या होत्या. कोणाच्या शेडमधून आलं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

मी म्हटलं, "चला घरी."

"नदीवर जाऊ," ते म्हणाले. "एवढं धरल्यात."

आम्ही गेलो. मी एकेक झिंगा गळाला लावत होते. काळी शीर मी चुकवत होते, पण काही उपयोग नव्हता. सगळे पाय सोडून लोंबत होते. मोरपिसाची काडी दुपारपर्यंत हलली नाही. शेवटी ह्यांनी डबा उचलला आणि पाण्यात ओतणार, तेवढ्यात थांबले. मग काठावर डाव्या हातानं, काठीच्या टोकानं खड्डा केला आणि सगळे झिंगे त्यात लोटून माती ओढली. बराच वेळ गेला त्याला. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

आम्ही ज्यांना सांगायचं त्यांना जाऊन सांगितलं. सरकारी ऑफिसातला एक माणूस बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. पुढे काय झालं, कोणी सांगितलं नाही. पावसाळ्यात ओढा वाहिला, दिवाळीनंतर निवळला. मी एकटीच जाऊन चार दगडांखाली हात घातला. खाली नुसता निसरडा चिखल. ह्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

आता त्यांना चाकणच्या पुढे एका गोदामाच्या गेटवर काम मिळालंय. बारा तासांची ड्यूटी. आलेल्या ट्रकसाठी दांडा वर करायचा आणि खाली करायचा. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. मासे आता घरात येतच नाहीत. बाजारातून आणू का, असं मी एकदा विचारलं. तुम्ही खाता तर मी शिजवीन, असंही म्हटलं. एवढं बोलायला मला किती दिवस लागले होते. ते म्हणाले, "नको. वास येतो तुला."

त्या गेटवर निळा शर्ट घालावा लागतो, पुढून बटणांचा. पहिल्या दिवशी मी बटणं लावायला पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. जोरात नाही, पण केला. तेव्हापासून रोज सकाळी ते खोलीचं दार लोटून घेतात. सहा बटणं आहेत. डाव्या हातानं लावायला बराच वेळ लागतो. मधेच एखादं निसटलं की आतून एक बारीकसा आवाज येतो, शिवी नाही, रडणं नाही, नुसता श्वास. मी डबा भरून दाराबाहेर उभी असते. आत जात नाही. दार उघडलं की डबा पुढे करते, ते घेतात, आणि जातात.