कॅप्टन नव्हे

चर्चच्या जुन्या विवाहनोंदवहीत माझ्या पणजोबांच्या नावापुढे सही नाही. शाईने काढलेली एक फुली आहे. आयर्लंडहून येऊन त्यांनी इथे भुसावळला रेल्वेचे रूळ टाकले. माझा धाकटा चुलतभाऊ मात्र त्यांना कॅप्टन म्हणतो.

"दादा, त्या फुलीचं कुणाला सांगू नकोस हं. लोक हसतील," तो परवा म्हणाला.

"हसू देत! ज्याला सही येत नाही, तो कसला कॅप्टन रे? आणि तुझ्या दिवाणखान्यातली ती तलवार चोरबाजारातली आहे, हेही मला ठाऊक आहे."

मला ती फुली कोणत्याही पदकाहून मोलाची वाटते. तिची उभी रेघ कापरी आहे, आडवी ठाम. घण पेलणाऱ्या हाताला टाक जड झाला असावा. शेजारच्या रकान्यात मूळ गावाच्या जागी केवळ 'आयर्लंड' लिहिले आहे. त्यांचे गाव शोधत तिथल्या चर्चना दहा वर्षे लिहिलेली माझी पत्रे आणि तिकडून आलेली नम्र उत्तरे त्या एका शब्दापाशी येऊन थांबतात. तिथवर जाण्याचे वय आता उरले नाही. गावाचे नुसते नाव कळले तरी पुरे.

आपल्याकडे अनोळखी माणूससुद्धा "गाव कुठलं?" असे विचारतो आणि 'भुसावळ' म्हटले, की "ते नव्हे, मूळ गाव?" म्हणून पुन्हा विचारतो. लग्नाच्या दिवशी पणजोबा धुतलेला सदरा घालून कारकुनापुढे उभे राहिले असतील. गावाचे नाव त्यांच्या ओठांवर तयार असेल. कारकुनाने ते विचारलेच नाही.