माझ्या न झालेल्या लग्नाची गाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण परवा जव्हारला एका सभेत माझ्या गळ्यात हार पडला — म्हणे, मास्तरांनी वारली बोली वाचवली! टाळ्या काय, फोटो काय. अंगाची नुसती लाही लाही झाली. पण चिडू कोणावर? हारासाठी मान मीच वाकवली ना?

माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. शहरातून गाणी रेकॉर्ड करणारे आले होते. त्यांना अख्ख्या लग्नाची गाणी हवी होती, धवलेरीच्या तोंडून. आमच्यात लग्न भटजी नाही, धवलेरी लावते. ती गाते, तेव्हाच लग्न लागतं. मोखाड्याकडच्या आमच्या पाड्याची धवलेरी म्हणजे माझी काकू. आईबाप गेल्यावर मला तिनेच वाढवलं. पण लग्न नसताना ती गाणी तोंडातून काढायची नाहीत, असा रिवाज. काकूने साफ नाही म्हटलं. पाहुणे हिरमुसले. आणि मी — मला त्यांच्यापुढे मिरवायचं होतं, दुसरं काय!

मी काकूला सांगितलं, माझंच लग्न ठरलंय. घाईत, जव्हारला, माझ्या भाड्याच्या खोलीवर. पोरीकडचे संध्याकाळी येतील, तू सुरू कर. पाहुण्यांना वाटलं, काकू नुसतं गाऊन दाखवायला तयार झाली.

हळद लावून बसलो — लाज कोळून प्यायलो होतो मी! काकू दिवसभर गायली. एकेका देवाला बोलावलं तिने, माझ्यासाठी. मशीन चालू होतं. संध्याकाळी तोंड पाडून म्हणालो — पोरीकडचे फिरले.

"माझाच काय तरी चुकला असंल रं," काकू एवढंच बोलली.

तिचं चुकलं? तिचं? तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. पाड्यावर बोभाटा झाला — हिने गायलेलं लग्न मोडतं. तिला कोणी बोलवेना. पुढे माझं खरं लग्न झालं, तेव्हा ती मांडवाबाहेरच उभी राहिली. माझं अपशकुनी तोंड नको, म्हणाली. मी तेव्हाही गप्प. भेकड मेला!

ती गाणी आता संग्रहात आहेत, खाली माझं नाव आहे. शाळेतल्या पोरांना मीच ऐकवतो.

काकू आहे अजून. मागच्या महिन्यात तिच्या नातीचं लग्न झालं. धवलेरी परगावची आणली होती. काकू मागे चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी आहेर दिला, जेवलो आणि घरी आलो.