देवरामला येणारी चक्कर

चहा द्या, पण माझ्या कपात साखर नको. का नको ते शेवटी कळेल. आधी फजिती ऐका, आणि ऐकून झाल्यावर कॉलनीभर करू नका एवढीच विनंती. कारण ही फजिती स्वयंपाकातली नाही की प्रवासातली नाही. माझ्या स्वतःच्या कामातली आहे. न्हाव्याने आपलेच केस वाकडे कापावेत, त्यातली गत.

माझं काम तुम्हाला माहीत आहे ना? नाही? मग सांगते. घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असलं, की घरच्यांना काही सुचेनासं होतं. माणूस ठेवायचं का, दिवसाचं की चोवीस तासांचं, कोणत्या भावाने काय करायचं, सुनेवर किती टाकायचं. मी जाते, सगळ्यांशी बोलते, व्यवस्था लावून देते, आणि पुढे ती नीट चालली आहे ना ते बघत राहते. मी कुठल्या हॉस्पिटलची नाही, कुठल्या संस्थेची नाही. स्वतंत्र समाजसेविका. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यापासून पंचवटीपर्यंत किती घरांतली भांडणं मी मिटवली असतील, आठवत नाही.

आणि प्रत्येक घरात मी एकच मंत्र सांगते, तोही बोट वर करून. ‘ज्याची काळजी घ्यायची आहे, त्याला आधी विचारा. त्याच्या पाठीमागे काही ठरवू नका.’ लोक माना डोलावतात. मला फार बरं वाटतं.

आता माझे वडील. अण्णा. वय अठ्ठ्याहत्तर, राहणार इंदिरानगर, एकटे. आई गेल्यापासून एकटेच. जन्मभर ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक काढायची, हेच आयुष्य. घरी वरण वाढलं तरी आधी निरखून बघणार आणि मग जेवणार.

दिवाळीच्या आधी अण्णा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. दाराला आतून कडी. शेजारचे पगारेकाका, हेही त्याच कारखान्यातले, त्यांनी हाका मारल्या आणि शेवटी दार तोडलं. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी बजावलं, यापुढे एकटं राहायचं नाही.

पुण्याहून शेखरचा फोन. शेखर माझा धाकटा भाऊ. “ताई, बास झालं. मी अण्णांना पुण्याला नेतो.”

शेखरचं घर आठव्या मजल्यावर. घर छान आहे हो, भावजयही चांगली आहे. पण अण्णांचं काय आहे सांगू का? सकाळी मळेवाल्यांकडून स्वतः निवडून भाजी आणायची, संध्याकाळी पगारेकाका आणि मंडळींबरोबर बाकावर बसून देश चालवायचा. एवढंच उरलंय त्यांच्याकडे. ते काढून घेतलं तर आठव्या मजल्यावर ते काय करणार, लिफ्ट तपासणार?

मी म्हटलं, “शेखर, मी इथे व्यवस्था लावते. माझं कामच आहे ते.”

“ठीक आहे. संक्रांतीला येतो आणि बघतो. पटलं तर राहू दे त्यांना. नाही पटलं तर त्याच गाडीत बसवून नेणार, मग रडायचं नाही.”

तर अशी सगळी बाजी लागली होती. अण्णांचं घर की पुण्याचा आठवा मजला.

मी अण्णांकडे विषय काढला. “एक माणूस ठेवूया का सोबतीला?”

“कशाला? मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“बाथरूममध्ये निदान धरायला दांडे तरी लावूया.”

“घराचं हॉस्पिटल करायचंय का तुला?”

“माझ्याकडे राहायला चला मग.”

“जावयाच्या घरी? आणि वासंती, तू मला शिकवू नकोस. तुझी साखर किती वाढलीये ते बघ. डॉक्टर चाल म्हणतात, चालतेस का?”

हे असं. आपण त्यांचं काढायला जावं आणि आपलंच निघावं. मी चहा संपवून, दोन चमचे साखरेचा बरं का, गुपचूप घरी आले.

आणि इथे माझी बुद्धी फिरली. देवराम म्हणून एक माणूस माझ्या ओळखीचा होता. सुरगाण्याकडचा, चाळिशीचा, दणकट. आधी एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता, पेशंटचं सगळं करायचा. त्याला अण्णांकडे ठेवायचं नक्की केलं. आणि अण्णांना काय सांगितलं असेल मी?

“अण्णा, एक गरीब माणूस आहे. त्याला अधूनमधून चक्कर येते. डॉक्टरांनी एकटं राहू नको म्हणून सांगितलंय. इथे बिचाऱ्याचं कोणी नाही. थोडे दिवस तुमच्याकडे ठेवाल का? तुम्ही फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायचं.”

अण्णांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. “अशा माणसाला एकटं सोडतात? लोकांना अक्कल कशी नसते गं? घेऊन ये उद्याच.”

इकडे देवरामला पढवलं. तो चक्रावलाच. “म्हंजे ताई, आजारी मी?”

“दाखवण्यापुरता. लक्ष तू अण्णांवर ठेवायचं.”

“पण मला चक्कर कधी आलीच नाय. ती येती कशी?”

मग मी माझ्या हॉलमध्ये त्याला चक्कर शिकवली. कपाळाला हात लावायचा, भिंत धरायची, डोळे मिटायचे. नवरा पेपर खाली करून म्हणाला, “आणि तुझा तो मंत्र? आधी विचारा वगैरे?”

मी म्हटलं, “तो लोकांसाठी. अण्णांना कुठे लागू पडतो?” ऐका, मी स्वतःच्या तोंडाने हे बोलले आहे.

पण सुरुवातीला कसलं जमलं म्हणता. देवरामला आधार हवा म्हणून अण्णांनी स्वतः प्लंबर बोलावून बाथरूममध्ये दांडे बसवले. घसरू नये म्हणून जाळीची चटई आणली. ‘कडी लावायची नाही’ असा हुकूम निघाला, आणि आपण नियम मोडला तर तो कसा पाळणार, म्हणून अण्णाही कडी लावेनात. फिरायला दोघं, बाजाराला दोघं. मी खुशीत. आपल्यासारखी हुशार बाई साऱ्या जिल्ह्यात नाही, असं मला वाटायला लागलं.

मग देवरामचे फोन सुरू झाले.

“ताई, मला बादली उचलू देत नाय.”

“ताई, गॅसजवळ जाऊ देत नाय. सैपाक अण्णाच करत्यात. नागलीची भाकरी शिकलं माझ्यासाठी.”

“ताई, संडासला गेलो तर अण्णा भाईर उभं राहून हाका मारत्यात. वो दिली नाय तर दार ढकलत्यात.”

मी अण्णांना आणून दिलेली काठी आठवते? तुम्हाला कशी आठवेल, मी सांगितलीच नाही अजून. सागवानी, सुंदर काठी. ती त्यांनी कपाटामागे टाकली होती. ती पुसूनबिसून देवरामच्या हातात आली. सुरगाण्याच्या डोंगरात उघड्या अंगाने थंडी काढलेला माणूस, त्याला अण्णांनी कानटोपी घातली. अण्णांनी ही गोष्ट बाकावर सांगितली, तेव्हा पगारेकाका आणि मंडळींनीही जबाबदारी उचलली. देवराम किराणा आणायला निघाला की त्याच्यामागे पंच्याहत्तरीचे दोन म्हातारे हळूहळू चाललेले. तो पडला तर धरायला!

“ताई, काम नाय त हाताला चैन नाय. लय जाड झालो,” देवराम रडकुंडीला आला होता. “खरं सांगू का अण्णांला?”

“मुळीच नाही. संक्रांत होऊ दे. शेखर बघून जाऊ दे.”

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शेखर आला. मी त्याला वाटेतच गाठलं, मिसळीचं पार्सल घेतलं आणि रस्ताभर त्याला समजावत नेलं, की अण्णांना आता कशाला हात लावावा लागत नाही. अनुभवी माणूस आहे सोबतीला. तू निर्धास्त राहा.

फाटक उघडलं. दार उघडंच होतं.

हॉलमध्ये आरामखुर्चीत देवराम. अंगावर शाल, डोक्याला कानटोपी, मांडीवर काठी, बाजूला झाकून ठेवलेली पेज. आणि मधोमध स्टुलावर उभे अण्णा, पंख्याची पाती पुसत होते. हो, स्टुलावर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, चक्कर येणारे अण्णा.

देवराम विनवत होता, “अण्णा, उतरा हो, पाया पडतो.” आणि उठायला गेला की अण्णा वरून ओरडत होते, “तू उठू नकोस! चक्कर येईल!”

शेखरने माझ्याकडे बघितलं. “ताई, केअरटेकर कुठाय?”

मी आरामखुर्चीकडे बोट दाखवलं.

“आणि स्टुलावर?”

“पेशंट,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

अण्णांनी ऐकलं. हातातलं फडकं थांबलं. देवरामने एका ढांगेत जाऊन त्यांना कमरेला धरलं आणि अलगद खाली उतरवलं. त्या पकडीत चक्कर येणाऱ्या माणसाचं काहीच नव्हतं.

“म्हणजे तुला चक्कर येत नाही,” अण्णा म्हणाले.

“नाय अण्णा. कधीच नाय आली.”

“परवा भिंत धरली होतीस ती?”

“ताईंनी शिकवलेली.”

अण्णा खुर्चीत बसले. मला वाटलं चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते देवरामच्या कानटोपीकडे बघत बसले. किती दिवसांनी अण्णांना वाटलं होतं, की आपली कोणाला तरी गरज आहे. तेही मी खोटंच दिलं होतं. मला खरंच फार वाईट वाटलं. हातातलं मिसळीचं पार्सल कुठे ठेवावं तेही सुचेना.

“वासंती, मला विचारायचं होतंस.”

“तुम्ही नाही म्हणाला असतात, अण्णा.”

“म्हणालोच असतो. मग तू भांडली असतीस. मी दोन दिवस बोललो नसतो. मग ऐकलं असतं. आपल्या घरात कुठली गोष्ट याच्याशिवाय झालीये?”

खरं होतं ते. शेखर म्हणाला, “जाऊ दे अण्णा. बॅग भरू का तुमची?”

अण्णांनी त्याला हाताने थांबवलं आणि देवरामकडे वळले. “देवराम, आता खरं सांग. हिच्याकडे बघू नकोस. तुला इथे राहायचंय का?”

देवरामने आधी कानटोपी काढली. “ऱ्हाईन अण्णा. पण मला काम करू द्या.”

“बरं. मला काय करू देशील?”

“भाकरी करा. भाजी आणा. स्टुलावर नाय चढायचं.”

“आणि कडी?”

“नाय लावायची.”

“मान्य. काठी इकडे दे.”

झालं. ज्या गोष्टीसाठी मी दिवाळीपासून नाटक उभं केलं होतं, ती मिसळीतला रस्सा गरम होईपर्यंत उरकली. शेखरने दोन पाव जास्त खाल्ले, देवरामचा नंबर घेतला आणि एकटाच पुण्याला परत गेला. जाताना मला म्हणाला, “ताई, तुझ्या कामातलं अण्णांना जास्त कळतं गं.”

तुम्ही हसताय, पण थांबा. साखर राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अण्णांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. “वासंती, सकाळी देवरामला घरात कामं असतात. मला ट्रॅकवर एकट्याला चालायची भीती वाटते गं. तू येशील का?”

अहो, जन्मात ज्या माणसाने ‘भीती’ हा शब्द उच्चारला नाही, तो असं म्हणतो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दुसऱ्या दिवसापासून भल्या पहाटे स्कूटर काढून मी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर हजर. अण्णा माझा हात धरून हळूहळू चालायचे. घरी आल्यावर चहा. तेव्हा म्हणाले, “मला साखर बंद केलीये. तू समोर गोड चहा प्यायलीस की मला मोह होतो.” मग मीही सोडली. बापासाठी एवढं नाही करायचं? घराघरांत जाऊन मी आता नवीन मंत्र सांगायला लागले. ‘वडिलांना वेळ द्या. बघा, मी देते.’

परवा माझा रिपोर्ट आला. साखर खाली. डॉक्टर खूश. मी धावत अण्णांकडे गेले, तर ते बाकावर गेलेले. घरी देवराम एकटा. त्यालाच सांगितलं.

“अण्णांला लय आनंद व्हईल ताई,” तो म्हणाला. “त्यांनी कवापासून ठरवलं व्हतं...” आणि जीभ चावली.

“काय ठरवलं होतं?”

“काय नाय.”

“देवराम.”

त्याने एकदा दाराकडे बघितलं. “अण्णा म्हणले, वासंतीला सांगून ती चालायची नाय. दुसऱ्यासाठी म्हटलं तर चालंल. त्यांची साखर कुणी बंद केलीये? तुमी गेल्यावर दोन चमच्यांचा च्या घेत्यात.”

“आणि ती भीती?”

“अण्णांला कसली भीती वो? तुमी गेल्या का मला घेऊन पुन्ना ट्रॅकवर येत्यात. तुमच्यासंगं लय हळू चालावं लागतं, पाय मोकळं व्हत नाय म्हणत्यात.”

आता सांगा, काय करणार होते मी? कोणत्या तोंडाने विचारणार होते, की मला आधी का नाही विचारलंत?

दुसऱ्या दिवशी पहाटे स्कूटर काढली आणि गेले. अण्णांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “हळू चल गं. मला भीती वाटते.”

मी म्हटलं, “घाबरू नका अण्णा. मी आहे ना.”