बाबांच्या हनुवटीवरचा शिक्का

बाबांच्या फोटोतली हनुवटी काकांची आहे.

आणि काका आज सकाळी गेले.

दुपारपासून फोन वाजतायत. सगळे एकच विचारतात, "काकांचा चांगला फोटो आहे का गं? बॅनरला हवा." मी मोबाइल उघडते, फोटो बघायला लागते आणि भलतीकडेच पोचते.

डोकं जागेवर नाहीये. वेडंवाकडं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे बाबा गेले तेव्हा मी रांगत होते. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. आठवणं शक्यच नाही.

लग्नाचा अल्बम एका पावसाळ्यात ओल येऊन असा चिकटला की पानं सुटेचनात. उरला एकच फोटो, गोखिवऱ्याच्या कारखान्यातल्या ओळखपत्रावरचा. तोच मोठा करून आईने भिंतीवर लावला.

आता ओळखपत्राचा फोटो म्हटला की शिक्का आलाच. तिथल्या साहेबाने तो असा हाणला होता की ओठाखालून पार गळ्यापर्यंत जांभळी इंग्रजी अक्षरं. 'फॅक्टरी' जबड्यावर, 'मॅनेजर' बरोब्बर हनुवटीवर.

मी इंग्रजी वाचायला शिकले ती बाबांच्या तोंडावरून. खोटं नाही सांगत. शाळेत बाईंनी फळ्यावर एम काढला तेव्हा मी ओरडले होते, "हा आमच्या बाबांकडे आहे!"

मैत्रिणी घरी आल्या की विचारायच्या, "तुझ्या बाबांच्या तोंडावर काय लिहिलंय गं?"

यात विचारण्यासारखं काय आहे तेच मला कळायचं नाही. माझे बाबा तसेच होते.

काकांना मात्र ते फार लागायचं. बाबांचे हे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्यासोबतच राहिले. माझ्या शाळेतल्या मीटिंगपासून आईच्या दवाखान्यापर्यंत सगळं त्यांनीच बघितलं. फोटोकडे बघून चिडायचे, "माझ्या भावाचं पार्सल करून ठेवलंय साल्यांनी."

दोन हजार सालच्या आसपास वसई स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत कॉम्प्युटर आला. स्टुडिओवाला पास्कल, जवळच्या वटार गावचा. काका फ्रेममधला फोटो काढून, पिशवीत घालून, मला घेऊन तिकडे गेले. मी चौथीत होते.

स्कॅन केलेले बाबा स्क्रीनवर आले. केवढे मोठे! पास्कलने फोटोशॉपमध्ये बाबांच्या गालावरची थोडी कातडी उचलली आणि शिक्क्यावर चिकटवली. मग आणखी थोडी. एकेक अक्षर जायला लागलं.

मला रडू यायला लागलं. का, ते तेव्हाही कळलं नाही.

शिक्का गेला.

आणि खाली हनुवटीच नव्हती! सगळा नुसता गाल. उकडलेल्या बटाट्यासारखा.

"हा माझा भाऊ नाय," काका म्हणाले.

"दादा, शिक्क्याच्या खाली काय होतं ते कॉम्प्युटरला कसं कळणार? तो आजूबाजूचंच उचलून लावतो," पास्कल वैतागला. मग काकांकडे टक लावून बघत बसला. "तुम्ही सख्खे भाऊ ना? ती दाढी काढून या बघू."

काकांची दाढी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तरी उठून समोरच्या सलूनमध्ये गेले, गुळगुळीत होऊन आले आणि स्टुलावर बसले. पास्कलने त्यांना बाबांसारखी मान वळवायला लावली आणि फोटो काढला. रोल धुऊन आल्यावर तोही स्कॅन केला, आणि काकांची हनुवटी बाबांना बसवली.

नवीन फ्रेम घेऊन येताना रिक्षात काका म्हणाले, "वहिनीला सांगायचं नाय हां. शिक्का पुसला, एवढंच."

नाही सांगितलं. आजपर्यंत नाही.

पण घरात फ्रेम उघडल्यावर मीच भोकाड पसरलं. "हे बाबा नाहीत!" स्टुडिओत सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा. मला माझी अक्षरं परत हवी होती.

आईने मला जवळ घेतलं. म्हणाली, "अगं, हेच बाबा. नीट बघ."

मग इतकी वर्षं मी नीट बघत आले. परीक्षेला जाताना, नोकरी लागल्यावर, लग्नाच्या दिवशी, त्याच फोटोच्या पाया पडले. काका बाजूला उभे राहून गालातल्या गालात हसायचे.

मी पाया कोणाच्या पडत होते?

डोळे बाबांचे, हनुवटी काकांची. मला बाबांची आठवण येते म्हणजे नक्की कोणाची येते? आज दोघेही नाहीत. मग भिंतीवर कोण आहे? माझा नुसता गोंधळ उडालाय. सकाळपासून रडतेय ते कोणासाठी, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

मघाशी राहवलं नाही. आईला सगळं सांगून टाकलं. सलून, स्टूल, हनुवटी, सगळं.

आईला काहीच वाटलं नाही. म्हणाली, "मला काय ते आज कळतंय? यांच्या हनुवटीला खळी नव्हती. भाऊजींना आहे."

मी विचारलं, "मग तेव्हा मला हेच बाबा म्हणून का सांगितलंस?"

ती पदराने फ्रेमची काच पुसत राहिली.

"तू हे बाबा नाहीत म्हणून ओरडलीस ना, तेव्हा भाऊजी दारातच उभे होते. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. त्यांचं तोंड बघवेना गं मला."

काका, मोठे मोठे शब्द मला सुचत नाहीयेत.

नीट जा.

तुमच्या लेकीचा नमस्कार.